रक्तात जे नाही, ते वाचताना

समजा, अडीच महिन्यांचं बाळ आहे. तोंडातली बुरशी हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी 8,000, म्हणजे ठीक. त्याखाली लिम्फोसाइट 15 टक्के. गुणाकार केला की 1,200 येतात. मोठ्या माणसात हा आकडा चालून जातो. तान्ह्या बाळात तो 3,000च्या खाली गेला तर डॉक्टरांनी तिथेच थांबायला हवं. छातीच्या एक्स-रेत थायमस ग्रंथीची सावलीही नसेल, तर संशय बळावतो. हा ‘स्किड’ असू शकतो. या आजारात रोगाशी लढणाऱ्या टी-पेशीच तयार होत नाहीत.

प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांची यादी आता साडेचारशेच्या पुढे गेली आहे. एकेक आजार विरळा, पण त्यांच्या निदानात मला एक समान सूत्र दिसतं: जे आहे त्यापेक्षा जे नाही, ते पाहावं लागतं.

अमेरिकी लष्करातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांच्याकडे एक आठ वर्षांचा मुलगा पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग घेऊन येत होता. त्याच्या रक्तद्रवातली प्रथिनं इलेक्ट्रोफोरेसिसने वेगळी केली, तेव्हा गॅमा ग्लोब्युलिनची पट्टीच गायब होती. 1952 साली ब्रूटन यांनी ही नोंद प्रसिद्ध केली. आजही अशा मुलाच्या घशात टॉर्च मारली, तर टॉन्सिल जवळजवळ दिसत नाहीत. हा पुरावा कुठल्याही यंत्राशिवाय हाती येतो.

बारशाच्या सुमारास बहुतेक बाळांची नाळ पडलेली असते. महिना उलटला तरी ती पडली नाही, बेंबी लालबुंद झाली, पण पू नाही, आणि रक्तात मात्र पांढऱ्या पेशींची गर्दी, असं दिसलं तर काय समजायचं? पेशी आहेत, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडायला लागणारं प्रथिन नाही. सीडी18 हे ते प्रथिन. फ्लो सायटोमेट्रीत ते मोजता येतं.

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी असतात, पण जंतू मारू शकत नाहीत. त्याची जुनी चाचणी डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. रक्तात पिवळसर एनबीटी रंग मिसळून पेशींना डिवचतात. निरोगी न्यूट्रोफिल जंतू मारण्यासाठी ऑक्सिजनचा मारा करतो आणि त्याच्या पोटात गडद निळे कण साचतात. रुग्णाच्या स्लाइडवर एकामागून एक न्यूट्रोफिल पाहत जावं, निळा ठिपका सापडत नाही. आता डीएचआर ही फ्लो सायटोमेट्रीची चाचणी करतात. तिच्यात वाहक आईच्या पेशींचे दोन वेगळे गट दिसतात: काही लढणाऱ्या, काही न लढणाऱ्या.

आपल्याकडे जन्मतः बीसीजी टोचतात. लाखो बाळांना ती क्षयापासून वाचवते, आणि ती द्यायलाच हवी. काखेत लहानशी गाठ निरोगी बाळालाही येते. पण ती वाढत गेली, सोबत ताप आणि यकृताची सूज आली, तर दोष लशीला देऊ नये. ज्या पेशींनी लशीतले जिवंत जंतू आवरायचे, त्या आहेत का, हे तपासावं.

नसलेलं ओळखणारी ही नजर मुंबईची जुनी ओळख आहे. 1952 सालीच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. तो आजार नव्हे. लाल पेशींवर ‘एच’ घटक नसणं, एवढंच. 1957 साली सुरू झालेलं रक्तगट केंद्र पुढे राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झालं. परळला केईएमच्या आवारातल्या या संस्थेत प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या विशेष तपासण्याही होतात.

तरी पहिली तपासणी फुकट असते. बाळाचे मामा किती, हे विचारायचं. यातले अनेक आजार आईकडून मुलग्यांकडे येतात. आजी क्षणभर थांबते, मग सांगते, “दोघे होते, तान्हेपणीच गेले.” वंशावळीतली ही रिकामी जागाही रिपोर्टच आहे. बाळाच्या वडिलांचं मामेबहिणीशी लग्न झालेलं असेल, तर दोन्हीकडून येणारा दोषही विचारात घ्यावा लागतो.

घाई कशासाठी? साडेतीन महिन्यांच्या आत बोनमॅरो प्रत्यारोपण झालं, तर स्किडची दहापैकी नऊ बाळं जगतात, असा चांगल्या केंद्रांचा अनुभव आहे. सुरुवातीच्या त्या बाळाकडे महिनाभर उरला आहे. तो गुणाकार आजच करायला हवा.