बास बोटीचा वेग का घटतो?

अमेरिकेतील तलावांत बास मासा पकडण्यासाठी वापरली जाणारी बास बोट मंदावली, तर आधी वजन तपासावे. मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीतले 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलोंचा बोजा. मग पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम पाहावेत. ते उत्पादकाने सांगितलेल्या पट्ट्यात पोहोचत नसतील, तर केबलने थ्रॉटल पूर्ण उघडतो का, हे बघावे. इंजिन चालू असताना इंधननळीवरचा रबरी फुगा चपटा होत असेल, तर टाकीकडून येणारे पेट्रोल अडते आहे. त्यानंतर फिल्टर, स्पार्क प्लग आणि कॉम्प्रेशन तपासावे. आरपीएम चढूनही वेग येत नसेल, तर दोष बहुधा पंख्यात (प्रोपेलरमध्ये) असतो: पात्याची कड वाकलेली असते किंवा मधले रबर घसरते. एका वेळी एकच बदल करून चाचणी घ्यावी. तरच खरा दोष सापडतो.