जामीन मिळाला, पण जामीनदार कोठून आणावा?

आरोपी दोषी ठरेपर्यंत त्याला निर्दोष मानावे, हे तत्त्व आपल्याकडे विधी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासून पढवले जाते. तुरुंगाच्या हजेरीपटावर मात्र त्याचा फारसा मागमूस दिसत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ न्यायाधीन होती, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. म्हणजे तुरुंगातील दर चार माणसांपैकी तिघांवरील आरोप अद्याप सिद्ध व्हायचा होता. या तिघांना लोकभाषेत कच्चे कैदी म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. निकाल कच्चा, कोठडी मात्र पक्की.

या प्रश्नाची चर्चा बहुधा तुंबलेल्या खटल्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. न्यायाधीश कमी आहेत, तारखा लांबतात, साक्षीदार हजर होत नाहीत, हे सारे खरे. परंतु ज्यांचा जामीन मंजूर झालेला आहे, ज्यांच्या आदेशावर न्यायाधीशांची सही झालेली आहे, असेही लोक आत राहतात. त्यांच्याबाबतीत न्यायाधीशांची कमतरता हे कारण पुढे करता येत नाही. हे लोक आणि त्यांच्यासाठी आपण आजवर निर्माण न केलेले एक पद, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सातबाऱ्याची साक्ष

समजा, मुखेड तालुक्यातील एक भूमिहीन मजूर लातुरात बांधकामावर कामाला आहे. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून त्याला अटक होते. चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाते आणि दोन-तीन आठवड्यांत जामीनही मंजूर होतो. अट एवढीच, की पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. सारी मेख या 'लायक' शब्दात आहे. लायक म्हणजे ज्याच्या नावाचा सातबारा आहे, घरपट्टीची पावती आहे किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आहे, असा. मजुराचा भाऊ ऊसतोडीला गेलेला. त्याच्या नावावर काहीच नाही. चुलत्याची दोन एकर कोरडवाहू आहे, पण ती मुखेडात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात, आणि न्यायालय लातूरचे. स्थानिक जामीनदार हवा, असे एकदा म्हटले की चुलत्याचा सातबारा जागच्या जागी निकामी होतो. मुकादम जामीन राहील, पण मग पुढचा हंगाम त्याच्या उचलीत जाईल. पैसे घेऊन कोणालाही जामीन राहणारे धंदेवाईक लोकही असतात. ते कायद्याला चालत नाहीत, व्यवहारात भेटतात.

नांदेडची हद्द तेलंगणाला आणि कर्नाटकाला भिडलेली, लातूरची कर्नाटकाला. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, निलंगा या तालुक्यांतील सोयरिकी राज्याची सीमा पाहून होत नाहीत. जामीनदार मात्र सीमेच्या अलीकडचाच लागतो.

ही अडचण आजची नव्हे. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या प्रकरणात एका गरीब गवंड्याची कैफियत सर्वोच्च न्यायालयापुढे आली. त्याला जामिनावर सोडण्याचा आदेश खुद्द त्याच न्यायालयाने दिलेला होता. खालच्या दंडाधिकाऱ्यांनी मात्र दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि सख्खा भाऊ जामीन राहायला आला असता, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकाराची कठोर हजेरी घेतली आणि गवंड्याला एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्यास फर्मावले. पुढच्याच वर्षी, पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांविषयी वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखांवरून पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी याचिका दाखल केली आणि हुसैनआरा खातून हे प्रकरण उभे राहिले. त्यात न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले, की आरोपी खटल्याला परत येईल किंवा नाही हे पैशाने मोजू नये. तो गावात किती वर्षे राहतो, काय काम करतो, घरी कोण आहे, पूर्वी कधी गुन्हा केला आहे काय, त्याच्याविषयी हमी देणारी जबाबदार माणसे आहेत काय, हे पाहावे.

हे पाहायचे कोणी? निकालपत्राला चार दशके उलटून गेली, तरी या साध्या प्रश्नाचे उत्तर आपल्या न्यायव्यवस्थेत नाही. न्यायाधीश आसन सोडून मुखेडला जाऊ शकत नाहीत. सरकारी वकिलाला त्यात रस नसतो. पोलिसांचा अहवाल पोलिसांच्या बाजूचा असतो, आणि आरोपीच्या वकिलाचे म्हणणे हे आरोपीच्या वकिलाचे म्हणणे असते.

न्यूयॉर्कमधील विद्यार्थी

भगवतींनी सांगितलेल्या कसोट्यांचे मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे. १९६१ साली लुई श्वाइट्झर आणि हर्बर्ट स्टर्झ यांनी तेथील मॅनहॅटन भागात एक प्रयोग आरंभिला. कायद्याचे विद्यार्थी अटकेतील माणसाला न्यायाधीशापुढे नेण्यापूर्वी भेटत; पत्ता, नोकरी, कुटुंब यांची चौकशी करीत; सांगितलेले खरे आहे काय याची खातरजमा करीत; आणि योग्य वाटल्यास पैसे न घेता सोडण्याची शिफारस करीत. असे सोडलेले बहुसंख्य लोक तारखेला परत आले. त्यातूनच पुढे अमेरिकेत खटलापूर्व सेवा हे स्वतंत्र क्षेत्र उभे राहिले आणि १९८२ च्या कायद्याने ते संघीय न्यायालयांच्या यंत्रणेचा भाग झाले. तेथे पदवीधर तरुण ही नोकरी म्हणून पत्करतात, तिच्यात बढती घेतात आणि तिच्यातूनच निवृत्त होतात.

या अधिकाऱ्याचे काम दुहेरी असते. प्रथम चौकशी आणि अहवाल. त्यात गुन्हा केला किंवा नाही हे तो विचारीत नाही. किंबहुना विचारू नये हीच त्याची शिस्त, कारण जामिनासाठी सांगितलेली हकिकत खटल्यात आरोपीवर उलटता कामा नये. दुसरे काम सुटकेनंतरचे: तारखेची आठवण देणे, अटी पाळल्या जातात काय हे पाहणे, आणि पाळल्या जात नसतील तर न्यायालयाला कळवणे. तारखेची आठवण ही बाब किरकोळ वाटेल. आपल्या भागातला माणूस दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर गेला, की जानेवारीची तारीख त्याच्या ध्यानात राहात नाही. मग अजामीनपात्र वॉरंट निघते आणि जो मुळात पळालाच नव्हता तो दप्तरी फरारी ठरतो. त्याच्या पुढच्या जामिनाला हीच नोंद आडवी येते.

आपल्याकडे या कामाची बीजे विखुरलेली आहेत. १९५८ च्या परिविक्षा कायद्याने परिविक्षा अधिकारी नेमला. आरोपीच्या परिस्थितीची चौकशी करून न्यायालयाला अहवाल देणे हे त्याचे कर्तव्य. परंतु त्याचा अहवाल प्रामुख्याने गुन्हा शाबीत झाल्यावर, शिक्षेऐवजी सुधारणेची संधी द्यावी काय हे ठरवताना मागवला जातो. शिवाय महाराष्ट्रात हे पद महिला व बालविकास विभागाकडे असल्याने त्याच्यावर इतर कामांचा भार असतोच. २०२२ च्या योजनेने लोकअभिरक्षक आले. हे पूर्णवेळ मानधनावर काम करणारे बचावाचे वकील. मुख्य लोकअभिरक्षकाला दहा वर्षांचा आणि उपमुख्याला सात वर्षांचा अनुभव लागतो, तर सहायकाच्या जागेवर वकिलीच्या पहिल्या तीन वर्षांतील तरुणही येऊ शकतो. नव्या विधी पदवीधरासाठी ही चांगली वाट आहे. तथापि लोकअभिरक्षक आरोपीच्या बाजूचा आहे आणि तसाच असला पाहिजे. न्यायालयाला जो अहवाल हवा तो कोणत्याच बाजूचा नसावा लागतो.

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात आहे. त्याच्या सामाजिक कार्यकर्त्यांनी कैद्यांच्या घरच्यांचा शोध घेणे, कागद जमवणे, वकिलाची गाठ घालून देणे ही कामे चिकाटीने केली. परंतु प्रकल्प म्हणजे पद नव्हे. प्रकल्पाचा निधी संपतो, माणसे पांगतात, अनुभव त्यांच्याबरोबर जातो.

सात दिवस का थांबावे?

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत काही निर्देश दिले. जामिनाचा आदेश त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोचावा; सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे; सचिव परिविक्षा अधिकारी वा विधी स्वयंसेवक यांच्या मदतीने कैद्याच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अहवाल तयार करून अट शिथिल करण्यासाठी न्यायालयापुढे ठेवू शकतील; महिन्याभरात जामीन न भरला गेल्यास न्यायालयाने स्वतःहून प्रकरण पाहण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराची अट विलंबाचे कारण ठरते, हेही त्यात मान्य केले आहे. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तीनुसार सुरुवातीला न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत रक्कम मिळू शकत होती.

हे निर्देश स्वागतार्ह आहेत, पण त्यांत 'करू शकतील' हा शब्दप्रयोग फार आहे, आणि सारी धावपळ सुरू होते ती आदेशानंतर आठवडा गेल्यावर. अहवाल जामीन ठरवताना हाती असता तर पंधरा हजारांच्या जामीनदाराची अटच कदाचित पडली नसती. आठवडाभराचा तुरुंग म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाची नोकरी गेलेली असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत घालवल्यावर सुटकेचा मार्ग देते. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे. म्हणजे या दिलाशाची वाट वर्षभर पाहायची.

आक्षेप दोन बाजूंनी येतील. पहिला फिर्यादीच्या बाजूचा: अशाने सगळेच सुटतील. वस्तुतः नीट चौकशी झाली तर काही जणांना सोडू नये, हेही तोच अहवाल सांगेल. बायकोला जाळण्याची धमकी देणाऱ्याला त्याच गल्लीत परत पाठवणे धोक्याचे आहे, हे सातबारा कधी सांगत नाही. गल्लीत जाऊन आलेला माणूस सांगू शकतो. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मुळे किती खोल आहेत यावर सुटका ठरवायची, तर ज्यांना मुळेच धरू दिली नाहीत त्यांचे काय? पारधी समाजाला १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. पालात राहणाऱ्याच्या तक्त्यात पत्त्याचा रकाना कोराच राहणार. अमेरिकेतही पुढे माणसाऐवजी गुणांकनाची कोष्टके आली आणि पूर्वीच्या अटकांना गुण दिल्याने ज्यांच्यावर पोलिसांची नजर आधीपासून आहे तेच पुन्हा अडकतात, अशी टीका झाली. म्हणूनच येथे तक्ता भरणारा नको, पालापर्यंत जाऊन तेथील पंचांशी बोलणारा माणूस हवा.

असा माणूस आपल्याकडे नाही असे कोण म्हणेल? नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. दोन्ही शहरांत विधी महाविद्यालये आहेत. शेजारी तुळजापूरला टाटा संस्थेचे केंद्र आहे. 'लातूर पॅटर्न'ने मुलांना डॉक्टर-इंजिनियर होण्याची वाट दाखवली, आणि त्या वाटेवर न गेलेली हजारो मुले अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षांच्या जाहिरातींची प्रतीक्षा करीत आहेत. त्यांतील कोणाला खटलापूर्व अधिकारी व्हावेसे वाटले, तर त्यासाठी ना जाहिरात आहे, ना वेतनश्रेणी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अखत्यारीत प्रत्येक जिल्हा न्यायालयात अशी दोन पदे प्रारंभी निर्माण केली, समाजकार्याची पदवी ही पात्रता ठेवली आणि अहवाल पहिल्या रिमांडच्या वेळीच पुढे यावा असे बंधन घातले, तर अनुभव पाहून संख्या वाढवता येईल. पगार कोणी द्यावा या वादात हे पद अडकू नये. ते राज्य शासनाच्या आस्थापनेवरच असले पाहिजे, नाहीतर पुन्हा मानधन, पुन्हा कंत्राट आणि पुन्हा नवी माणसे.

तोपर्यंत विधी स्वयंसेवकांची योजना हाताशी आहे. तिच्यात शिक्षक, निवृत्त शिक्षक, निवृत्त शासकीय कर्मचारी, समाजकार्याचे व विधीचे विद्यार्थी यांना सामील होता येते. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा असतो. मानधन नेमून दिलेल्या दिवसांपुरतेच मिळते, तेव्हा ही उपजीविका नव्हे. किनवट-माहूरच्या वाडीवर जाऊन पत्ता पडताळायचा तर नांदेडहून अख्खा दिवस मोडतो; म्हणून स्वयंसेवक त्या त्या तालुक्यातलाच असावा. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० तालुके धरले तर आरंभाला २६ माणसे लागतील. गावोगाव बदल्या भोगलेल्या निवृत्त शिक्षकाला कोणत्या वस्तीवर कोणाचे घर, हे विचारावे लागत नाही. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक ज्या न्यायाधीन बंदी आढावा समितीत एकत्र बसतात, तिच्या पुढच्या बैठकीत ही २६ नावे ठेवायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.