स्नोमोबाइलच्या शॉकमधले तेल

स्नोमोबाइलच्या शॉक अब्सॉर्बरमध्ये सर्वांत आधी निकामी होते ते तेल. स्प्रिंग वर्षानुवर्षे टिकते, दांडा जपला तर गाडीइतकाच जगतो. तेल मात्र दर हिवाळ्यात थोडे थोडे कस गमावते. हे इतके हळू घडते की चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. हंगामाच्या अखेरीस गाडी उंचवट्यांवर आदळू लागली की तो बर्फाच्या वाटेला दोष देतो.

क्युबेकमधल्या वालकूर गावी जोझेफ-आर्मां बॉम्बार्डिए याने १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही स्नोमोबाइल बाजारात आणली, तेव्हा तिचा पट्टा स्प्रिंग लावलेल्या छोट्या चाकांवर फिरे. आजच्या गाडीला सहसा चार शॉक असतात : पुढच्या दोन स्कींना एकेक आणि पट्ट्याच्या आत दोन. पट्ट्यातल्या दोहोंपैकी पुढच्याचे हाल सर्वांत जास्त. प्रत्येक उंचवट्याचा मार तो आधी खातो, बर्फाच्या चिखलात बुडालेला असतो आणि हात पोचायला सर्वांत अवघड असल्याने दुर्लक्षितही तोच राहतो. दुरुस्तीची सुरुवात त्याच्यापासून करणे शहाणपणाचे.

गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकचे काम वेगळे : दबलेली स्प्रिंग उसळून परत येताना तिची ऊर्जा शोषून घ्यायची. नळकांड्यातल्या तेलातून पिस्टन सरकतो. पिस्टनच्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत बसवलेली असते. या चकत्यांना शिम म्हणतात. तेलाला या चकत्या वाकवून वाट काढावी लागते आणि त्या खटाटोपात धक्क्याची उष्णता होते. बाहेर उणे ३० अंश असले तरी खडबडीत वाटेवर शॉक हाताला गरम लागतो, तो यामुळेच.

दांडा आत शिरला की तो तेलाची जागा व्यापतो, आणि तेल तर दाबले जात नाही. १२.७ मिमी जाडीचा दांडा १०० मिमी आत गेला तर जवळपास १३ घन सेंमी जागा लागते. ही जागा गॅस देतो. साध्या शॉकमध्ये गॅस आणि तेल एकत्रच असतात. चांगल्या शॉकमध्ये दोहोंच्या मध्ये एक मोकळा तरंगता पिस्टन असतो. नळकांड्याचा आतला व्यास ५० मिमी असेल तर वरच्या उदाहरणात तो साडेसहा मिमी मागे सरकतो. फ्रेंच अभियंता ख्रिस्तियान बुर्सिए द कार्बाँ याने विसाव्या शतकाच्या मध्याला रूढ केलेली ही रचना आहे. गॅस म्हणजे कोरडा नायट्रोजन, अनेक शॉकमध्ये सुमारे २०० पीएसआय दाबाचा. दाबामुळे पिस्टनमागे पोकळी होत नाही, तेल फेसाळत नाही. कोरडेपणामुळे आत दव धरत नाही. पुण्याच्या बजाजने पल्सरच्या मागच्या शॉकवर ‘नायट्रॉक्स’ असे लिहिले होते, त्यामागे हाच नायट्रोजन आहे.

खोलण्यापूर्वी शॉक खोलता येतो का, हे पाहावे. ज्याचे तोंड कारखान्यातच दाबून बंद केलेले असते त्याला हात लावू नये. तो बदलायचाच असतो. ज्याला आट्यांचे झाकण आणि गॅसचा व्हॉल्व्ह आहे तोच घरी करण्याजोगा. गाडीवरून उतरवताना स्प्रिंगच्या रिंगवर किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवावे आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरनेच दाबून काढावी. मग शॉक बाहेरून स्वच्छ धुवावा, कारण पुढे वाळूचा एक कणही महागात पडतो.

यानंतरची पायरी कोणत्याही कारणाने चुकवता कामा नये : सगळा गॅस सोडणे. २०० पीएसआय दाब ५० मिमीच्या झाकणावर जवळजवळ पावणेतीनशे किलोचा रेटा देतो. दाब असताना आटे सुटले तर झाकण गोळीसारखे उडेल. डोळ्यांवर चष्मा चढवावा, व्हॉल्व्ह चेहऱ्यापासून दूर धरावा, गॅस सावकाश सोडावा आणि दांडा हाताने आत ढकलून पाहावा. तो आपोआप बाहेर येत असेल तर दाब अजून शिल्लक आहे. काही शॉकना व्हॉल्व्हऐवजी रबराची गोळी असते. तिच्यासाठी खास सुई लागते, खिळा चालत नाही.

शॉक शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरताना ॲल्युमिनियमचे मऊ जबडे वापरावेत. झाकण उघडून दांडा ओढला की तेल थाळीत ओतावे. नवे तेल पारदर्शक असते. थाळीत बहुधा राखाडी, चकाकणारे पाणी दिसते. ती चकाकी म्हणजे नळकांड्याच्या आणि पिस्टनच्या झिजेचा चुरा. दांड्यावरून नख फिरवावे. नख अडले तर नवी सील चार दिवसही टिकणार नाही, दांडाच बदलावा. शिम काढताना त्या निघतील त्याच क्रमाने तारेत ओवाव्यात. एका चकतीची जागा चुकली तरी शॉकचा स्वभाव पालटतो.

झाकणातली सील, धूळ पुसणारी कड, ओ-रिंग आणि पिस्टनची पट्टी हे सारे त्या मॉडेलच्या किटमधून नवेच घालावे. दांड्याच्या टोकाच्या आट्यांवर निमुळती टोपी बसवूनच सील सरकवावी, नाहीतर आटेच तिला कापतात. पिस्टनचा नट टॉर्क पान्याने, कंपनीच्या आकड्याइतकाच आवळावा.

खरे कसब पुढे आहे. तरंगता पिस्टन नळकांड्यात किती खोल बसवायचा, हे प्रत्येक शॉकसाठी ठरलेले असते आणि ते व्हर्निअरने मोजावे लागते. तो गॅसच्या बाजूला जास्त गेला तर गॅसला जागा अपुरी पडून शॉक शेवटी शेवटी दगडासारखा कडक होतो. तेलाच्या बाजूला राहिला तर पूर्ण दबताना मुख्य पिस्टन त्यावर आदळतो. खोली साधेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवतात, मग बंद करून तेल ओततात. तेलही त्याच जातीचे हवे; मोटारसायकलच्या फोर्कचे उरलेले तेल इथे चालवून घेऊ नये. पिस्टन तेलात बुडवून दांडा अगदी सावकाश वरखाली करावा. घाईने हलवले तर बुडबुडे निघण्याऐवजी तेलात घुसळले जातात. बुडबुडे थांबले तरी दहा मिनिटे वाट पाहावी, बहुतेकदा आणखी काही वर येतातच. झाकण बसताना तेल काठावरून ओसंडले पाहिजे. ओसंडले नाही तर आत हवा राहिली.

नायट्रोजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये २००० पीएसआयहून जास्त दाब असतो, म्हणून रेग्युलेटर नसेल तर एवढे एकच काम मोटारसायकलच्या शॉकवाल्याकडे न्यावे. भरताना दांडा पूर्ण बाहेर असावा. पुढे दाब तपासायला गेज पुन्हा लावू नये; गॅसची जागा इतकी लहान असते की गेजची नळी भरण्यातच बराच दाब निघून जातो.

दांडा हाताने दाबून सोडला की तो एकसारख्या गतीने बाहेर यायला हवा. दिशा बदलताना मध्येच मोकळे, पोकळ अंतर जाणवले तर आत हवा आहे. गॅस सोडून पुन्हा खोलावे लागते. शॉक रात्रभर कोऱ्या कागदावर आडवा ठेवून सकाळी डाग पाहावा. स्प्रिंगची रिंग लिहून ठेवलेल्या आट्यावर आणून शॉक गाडीत बसवावा. पहिल्या फेरीनंतर दांडा पुन्हा तपासावा : तेलाचा पुसट ओलावा चालतो, ओघळ चालत नाही.