सिमेंट वाळत नाही, मंडळी!

आजूबाजूला कुठे बांधकाम चालू असेल, तर आजचा भाग तिकडे बघतच ऐका.

स्लॅब घट्ट कसा होतो, असं मी कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं, "वाळून." तर नाही! चिखल वाळतो. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करतं, म्हणून ते पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं.

होतं काय, ते सांगतो. सिमेंटमध्ये मुख्यतः कॅल्शियम सिलिकेटं असतात. त्यांना पाणी मिळालं की दोन गोष्टी तयार होतात. एक कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपण पानाला लावतो तो चुना. दुसरी खरी हिरो, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. इंजिनिअर लोक तिला सी-एस-एच म्हणतात. मधल्या रेघा मुद्दाम आहेत, कारण तिन्ही घटकांचं प्रमाण ठरलेलं नसतं. घट्ट झालेल्या सिमेंटची साधारण अर्धी जागा हीच व्यापते आणि वाळू-खडी धरून ठेवते.

आता कामाचं बोलू. 50 किलोच्या गोणीला निव्वळ क्रियेसाठी साधारण 12 लिटर पाणी लागतं. माल नीट पसरावा म्हणून त्याहून जास्त घालावंच लागतं, पण "जरा पातळ कर रे" म्हणून आणखी ओतलं की ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. त्यातून ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडायला लागतात.

दुसरी गोष्ट क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं. ओल संपली की सी-एस-एच बनणं थांबतं. आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस ओल हवी. कडक, कोरडा उन्हाळा असेल तर साध्यालाही 10. फ्लाय अ‍ॅश त्या चुन्यालाच धरून आणखी सी-एस-एच बनवते, पण सावकाश, म्हणून तिला वेळ द्यायचा.

तिसऱ्या दिवशी स्लॅब दगडासारखा लागतो आणि टँकरचा खर्च वाचवायचा मोह होतो. पण ताकद मोजतात ती 28 व्या दिवशी! घरी काम चालू असेल तर गोणीवरचा प्रकार वाचा, स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. वीस वर्षं हप्ते भरायचेत, तर हे दहा दिवस कंटाळू नका.

भेटू पुढच्या भागात!