रतलामची गटारं आणि पालिकेची रिकामी तिजोरी

मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरातल्या न्यू रोड भागात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गटारं नव्हती. अल्कोहोल कारखान्याचं घाण वासाचं पाणी रस्त्यावर येई. आसपासच्या झोपड्यांतल्या माणसांना संडास नसल्यानं नाइलाजानं उघड्यावर बसावं लागे. डास तर विचारूच नका. तक्रारी करून थकलेल्या रहिवाशांनी १९७२ मध्ये थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३चा, म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवण्याच्या तरतुदीचा.

दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला सहा महिन्यांत आराखडा करायला सांगितलं. सत्र न्यायालयानं तो आदेश फिरवला, उच्च न्यायालयानं पुन्हा कायम केला, आणि पालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं: भाग अस्वच्छ आहे हे ठाऊक असूनही लोकांनी इथं घरं बांधली; आणि आमच्याकडे पैसे नाहीत.

२९ जुलै १९८० रोजी न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी दोन्ही बचाव फेटाळले. गटारं आणि स्वच्छता हे कायद्यानं सोपवलेलं कर्तव्य आहे, तिजोरी रिकामी असली म्हणून ते संपत नाही, हा निकालाचा गाभा. कमी गरजेचे खर्च कापा, सरकारकडून कर्ज वा अनुदान मागा, पण गटारं बांधा. सार्वजनिक संडास आणि डासनिर्मूलनही त्या आदेशात होतं. मला या निकालात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, न्यायालयानं गरिबांच्या संडासाचा प्रश्न मानवी प्रतिष्ठेशी जोडला.

महाराष्ट्रातही हीच रचना आहे. मुंबई वगळता इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९च्या अधिनियमात कलम ६३ खाली अनिवार्य कामं येतात आणि कलम ६६ खाली ऐच्छिक. गटारं, रस्ते, सफाई पहिल्या यादीत. खड्ड्यांविषयीची मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका न्या. गौतम पटेल यांच्या २०१३च्या पत्रातून उभी राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. ही रक्कम दोषी अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करता येईल, असंही सांगितलं. मला हे योग्य वाटतं.

पण पालिकेवरही थोडा अन्याय होतो, तोही सांगायला हवा. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले खरे, मात्र अनुच्छेद २४३-डब्ल्यू म्हणतो की राज्य विधिमंडळ ते अधिकार ‘देऊ शकेल’. द्यायलाच हवेत असं नाही. कराचंही तसंच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तशी मुंबईची जकात गेली आणि महापालिका राज्याच्या भरपाईवर अवलंबून राहिली. जबाबदारी पालिकेची आणि नाड्या मंत्रालयात, ही व्यवस्था टिकली तर रतलामचा निकाल अर्धाच अमलात येईल.

नागरिकाच्या हातातला रस्ता मात्र आजही खुला आहे. १ जुलै २०२४ पासून कलम १३३ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२नं घेतली. रस्त्यावर सांडपाणी वाहत असेल तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्यांनी रीतसर काढलेल्या आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही.