डांग्या खोकला : प्रौढांनीही दक्षता घ्यावी

डांग्या खोकला हा केवळ मुलांचा रोग होय, हा समज बरोबर नाही. या रोगावरील लस बालकास ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात टोचली जाते. पुढे १६ ते २४ महिन्यांच्या व ५ ते ६ वर्षांच्या वयात वर्धक मात्रा दिल्या जातात. परंतु लसीने लाभलेली प्रतिकारशक्ती काही वर्षांनी क्षीण होते.

प्रौढास हा रोग झाल्यास पुष्कळदा नुसता चिवट खोकला कित्येक आठवडे टिकतो व त्याकडे दुर्लक्ष होते. तोच संसर्ग घरातील तान्ह्या बालकास प्राणघातक ठरू शकतो. सहा आठवड्यांपूर्वी त्यास लस मिळालेली नसते. खोकल्याची उबळ न येताही त्याचा श्वास थांबण्याचा धोका असतो.

शासकीय कार्यक्रमात गर्भवतीस दिल्या जाणाऱ्या ‘टीडी’ इंजेक्शनात धनुर्वात व घटसर्प यांचीच लस असते, हे ध्यानात ठेवावे. डांग्या खोकल्याचाही समावेश असलेली ‘टीडॅप’ लस निराळी असून ती खाजगी डॉक्टरांकडे मिळते. प्रत्येक गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ती घेतल्यास मातेची प्रतिकारद्रव्ये गर्भास मिळतात. ब्रिटनमध्ये २०१२ पासून गर्भवतींना डांग्या खोकल्याची लस दिली जाते.

बाळाची देखभाल करणाऱ्या आजी-आजोबांनी व इतर आप्तांनीही डॉक्टरांच्या सल्ल्याने ही लस आधीच घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असणाऱ्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी व तोवर बाळास जवळ घेऊ नये.