स्वयंचलित गिअर आणि शर्यतीची मोटार

पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ सोलापूरवरून हैदराबादेस येतो आणि पुढे विजयवाड्याची दिशा धरताना आमच्या दिलसुखनगरातून जातो. सायंकाळच्या वेळी या रस्त्यावर मोटार हाकण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांस क्लच म्हणजे काय हे ग्रंथातून शिकण्याची आवश्यकता नाही; डावा पायच ते शिकवतो. २०१८ च्या सप्टेंबरात मेट्रो रेल्वे आमच्या माथ्यावरून धावू लागली, तरी खालची गर्दी काही हटली नाही. साहजिकच दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द आता नित्याचा झाला आहे. बहुतेकांच्या समजुतीप्रमाणे हा शब्द आरामाचा आहे. परंतु जगातील अत्यंत वेगवान मोटारींनीही तो स्वीकारला आहे. हे कसे घडले, आणि सुट्या भागांचा व तेलाचा व्यापार करणाऱ्या आम्हां मंडळींनी त्यातून काय ध्यानी घ्यावे, हे येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम गिअरचे प्रयोजन पाहू. इंजिन जी शक्ती देते ती फेरे आणि जोर यांच्या गुणाकाराइतकी असते. गिअर ही शक्ती वाढवीत नाही. तो केवळ एकाचे दुसऱ्यात रूपांतर करतो, आणि घर्षणाचा थोडा बट्टा कापून घेतो. व्यापारात थोड्या मालावर अधिक नफा किंवा पुष्कळ मालावर थोडा नफा, अशा दोन रीती असतात, तसेच हे आहे. समजा, इंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत आहे आणि चाकाचा परीघ २ मीटर आहे. पहिल्या गिअरात इंजिनाच्या १२ फेऱ्यांस चाकाचा १ फेरा पडत असेल, तर चाक मिनिटास ५०० फेरे घेईल आणि मोटार ताशी ६० किलोमीटर धावेल. मात्र चाकावर जोर सुमारे बारापट मिळेल. शेवटच्या गिअरात हेच प्रमाण ३ ला १ असेल, तर वेग ताशी २४० किलोमीटर होईल, पण जोर तिप्पटच राहील. शर्यतीच्या मोटारीस वळणातून उसळी घेताना जोर हवा आणि सरळ रस्त्यावर वेग हवा. म्हणून तिला अनेक गिअर लागतात, आणि एकातून दुसऱ्यात जाताना जो क्षण वाया जातो तोच तिचा शत्रू ठरतो.

हा बदल पूर्वी हातापायांच्या कौशल्यानेच होत असे. आमच्या पिढीने ते कौशल्य फियाट मोटारीवर कमावले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या मोटारीचा गिअरदांडा स्टिअरिंगच्या खाली असे. तो न कुरकुरता बसवणारा चालक म्हणजे उस्ताद, अशी त्या काळची समजूत होती. अशा लोकांस स्वयंचलित गिअर हा आळशांचा सोबती वाटला, तर त्यात नवल ते काय?

अमेरिकेतही हीच समजूत होती. तेथे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअर १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींत प्रथम आला. यांपैकी पुष्कळ यंत्रणांचे मूळ हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी जहाजांसाठी केलेल्या शोधात आहे. बंद डब्यात तेल भरून समोरासमोर दोन पंखे ठेवावेत. इंजिनाने एक फिरवला की तेलाच्या झोताने दुसरा फिरू लागतो. दोहोंमध्ये लोखंडाचा सांधा नसल्यामुळे क्लचच्या पायपट्टीची गरजच उरत नाही. मात्र तेल घसरते, आणि घसरण्यात शक्ती उष्णता होऊन जाते. १९५३ मध्ये शेवरलेची कॉर्वेट ही क्रीडा-मोटार बाजारात आली, तेव्हा तिला केवळ दोन गिअरांची स्वयंचलित पेटी होती. रसिकांनी नाके मुरडली, आणि १९५५ मध्ये कंपनीने हाताचा गिअर देऊ केला.

या समजुतीस पहिला मोठा धक्का टेक्सासच्या जिम हॉल यांनी दिला. त्यांच्या चॅपरल मोटारींत तेलाच्या पंख्यांची ही यंत्रणा बसवलेली होती. १९६५ मध्ये त्यांनी हॅप शार्प यांच्यासह सेब्रिंगची बारा तासांची शर्यत जिंकली. १९६६ मध्ये फिल हिल व यो बोनिए यांनी चॅपरलमधूनच न्यूर्बुर्गरिंगची हजार किलोमीटरची शर्यत मारली. क्लच नसल्यामुळे मोकळ्या झालेल्या डाव्या पायाकडे हॉल यांनी पुढे मागील उंच पंखाचा कोन बदलण्याचे काम सोपवले. म्हणजे यंत्राने जे श्रम वाचवले ते त्यांनी विश्रांतीत घालवले नाहीत. दुसऱ्या उपयोगास लावले. हा धडा व्यापाऱ्यानेही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९८९ मध्ये फेरारीची नवी फॉर्म्युला वन मोटार ब्राझीलच्या शर्यतीत उतरली. जॉन बर्नार्ड यांच्या आराखड्यातील या मोटारीत गिअरदांडा नव्हता. स्टिअरिंगमागील पट्टी बोटाने ओढली की तेलाच्या दाबावर गिअर बदलत असे. पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल विजयी झाले. दुसरी वाट पोर्शेने दाखवली. दोन क्लच असलेली गिअरपेटी कंपनीने १९८० च्या दशकात शर्यतींत पारखली. एका क्लचवर विषम गिअर व दुसऱ्यावर सम गिअर असतात. एक चालू असता पुढचा आधीच जोडून ठेवलेला असतो, आणि एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो. मधला वाया जाणारा क्षण जवळजवळ नाहीसा झाला. आता कोणताही उस्ताद हाताने इतक्या त्वरेने गिअर बदलू शकत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

आणि मग ११ फेब्रुवारी २०२३ रोजी आमच्याच नगरात, हुसेनसागराच्या काठी, विजेच्या मोटारींची फॉर्म्युला ई ही जागतिक शर्यत झाली. फ्रान्सचे ज्याँ-एरिक व्हेर्न ती जिंकले. २०१४ मध्ये या स्पर्धेच्या आरंभी मोटारींना पाच गिअर होते. हैदराबादेत धावलेल्या मोटारींना एकच होता. विजेची मोटर थांबलेल्या स्थितीपासूनच भरपूर जोर देते आणि फार मोठ्या फेऱ्यांपर्यंत चढते, म्हणून एका प्रमाणावर काम भागते. तथापि गिअरांची अदलाबदल सर्वस्वी संपली असे नव्हे. पोर्शेने २०१९ मध्ये आणलेल्या विजेच्या टायकान मोटारीस मागील बाजूस दोन गिअर दिलेले आहेत.

शर्यतीत सिद्ध झालेले तंत्र कालांतराने बाजारात उतरते. २०१४ मध्ये मारुती सुझुकीची सेलेरिओ ज्या स्वयंचलित यंत्रणेसह आली, ती इटलीच्या मॅग्नेटी मारेल्ली कंपनीची होती. फेरारीच्या त्या पट्टीच्या गिअरशीही याच कंपनीचा संबंध होता. पंचवीस वर्षांत शर्यतीचा गिअर दिलसुखनगरच्या गर्दीत आला!

येथे आमची एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने ‘ऑटोमॅटिकचे तेल’ मागितले. आम्ही अधिक काही न विचारता नेहमीचे लाल तेल दिले. त्यांच्या मोटारीत मात्र दोन कप्प्यांवर पोलादी पट्टा फिरवणारी यंत्रणा होती, आणि तिला वेगळ्याच तेलाची पकड लागते. थोड्याच दिवसांत पट्टा घसरू लागला व पेटी उघडावी लागली. दोष आमचा होता. खर्च आम्ही सोसला. त्या गृहस्थांनी एक शब्दही अधिक उणा बोलला नाही, हेच आम्हांस अधिक बोचले.

तेव्हापासून आम्ही पाटी लिहून ठेवली आहे. ‘ऑटोमॅटिक’ हे नाव एक असले तरी माल चार प्रकारचा आहे. सेलेरिओसारख्या मोटारीत पेटी साधीच असते, केवळ क्लच दाबणारा हात यंत्राचा असतो; तिला साधे गिअरतेल चालते. तेलाच्या पंख्यांची पेटी, पट्ट्याची पेटी आणि दोन क्लचांची पेटी यांचे तेल मात्र निरनिराळे. मोटारीची पुस्तिका पाहिल्यावाचून डबा फळीवरून काढू नये.

विजेच्या मोटारी वाढतील तशी क्लचपट्ट्यांची मागणी घटेल, हे स्पष्टच आहे. त्याने भयभीत होण्याचे कारण नाही. जुन्या मोटारी अजून पुष्कळ वर्षे रस्त्यावर राहतील. परंतु जो व्यापारी आपल्या फळीवरील वस्तूचे गुणधर्म जाणत नाही, त्याचे दुकान कोणताही गिअर पुढे नेऊ शकणार नाही. रस्ता बदलला की गिअर बदलावा लागतो; आणि तो चढावर गाडी अडण्यापूर्वी बदलावा, एवढेच आमच्या व्यापारी बंधूंस नम्रपणे सुचवून आम्ही हा लेख पुरा करतो.